पत्राची हद्द आणि पत्राची तारीख
मेलपेटीच्या फाइली वाचू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

जुन्या मेलपेटीची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की सर्वांत आधी तिची सलगता डोळ्यांत भरते. दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार, हजारो पत्रे आणि त्यांची जोडपत्रे एकाखाली एक अशी एकाच फाइलीत उतरलेली असतात. अनुक्रमणिका नाही, पत्रांना क्रमांक नाहीत. एक पत्र संपून दुसरे सुरू झाले याची खूण एवढीच, की मध्ये एक कोरी ओळ असते आणि तिच्याखालची ओळ रोमन लिपीतल्या ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होते. शब्दापुढे एक मोकळी जागा, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग एक तारीख. त्याखाली पत्राची हेडर, म्हणजे प्रेषक, विषय, तारीख सांगणाऱ्या ओळी, येतात, पुन्हा एक कोरी ओळ येते आणि मग मजकूर. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. अशा फाइलीला विचारायच्या दोन प्रश्नांसाठी हे पुस्तक लिहिले आहे : पत्र कुठे सुरू होऊन कुठे संपते, आणि ते कधीचे आहे?

प्रश्न साधे वाटतात. पण दोहोंची उत्तरे फाइलीत तयार लिहून ठेवलेली नसतात. परभणीतले उदाहरण घेऊ. समजा, पेरणीच्या तोंडावर सोयाबीनविषयी इंग्रजीत लिहिलेला एक सल्ला कुणी मेलने पाठवला. त्यात एक परिच्छेद संपतो, कोरी ओळ येते आणि पुढचा परिच्छेद ‘फ्रॉम १५ जून टू १० जुलै’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होतो. वरवर पाहणारा प्रोग्रॅम तिथेच पत्र तोडतो. अर्धा सल्ला एका पत्रात राहतो. उरलेला अर्धा हेडर नसलेले, प्रेषक नसलेले, तारीख नसलेले एक अनाथ पत्र होऊन बसतो. मोजणीत एक पत्र वाढते, शोधात एक पत्र सापडत नाही, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून या पुस्तकाचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. पत्राची हद्द आणि पत्राची तारीख हे दोन्ही निर्णय आहेत. ते पुराव्यावरून घ्यावे लागतात, आणि ज्या पुराव्यावरून घेतले तो निर्णयाशेजारीच नोंदवून ठेवावा लागतो.

ही खूण आली कुठून, हे समजले की तिच्या मर्यादाही समजतात. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर संदेश पाठवला आणि पत्त्यात @ हे चिन्ह रूढ केले. त्याच वर्षी युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत मेल नावाची आज्ञा होती. आलेले पत्र वापरकर्त्याच्या एकाच फाइलीच्या शेवटी चिकटवून द्यायचे, ही पद्धत त्या दशकात युनिक्सवर रुळली. साठवणीची जागा महाग होती आणि पत्रे थोडी व छोटी होती, म्हणून एका ओळीची खूण पुरत होती. पुढे फोनच्या तारेवरून यंत्रे एकमेकांना पत्रे पोचवू लागली, तेव्हा याच ओळीत पत्र कोणत्या यंत्राकडून आले तेही लिहिले जाऊ लागले. ती ओळ म्हणजे पत्राचे पाकीट. नवशिक्या माणसाची गल्लत इथेच होते, कारण पत्राच्या आतही ‘फ्रॉम’ नावाचे हेडर असते. त्याच्यापुढे अपूर्णविराम (:) असतो, पाकिटावरच्या ओळीत तो नसतो. आतले हेडर पत्र लिहिणाऱ्याने घातलेले असते, पाकिटावरची ओळ पोचवणाऱ्या किंवा साठवणाऱ्या प्रोग्रॅमने लिहिलेली असते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या, शिक्षण-संशोधन संस्थांची यंत्रे जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पाच्या पहिल्या आठ संस्थांमध्ये मुंबईच्या दोन होत्या : आयआयटी आणि श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. भारतातल्या संशोधकांची सुरुवातीची मेल याच फोनतारेच्या पद्धतीने गेली. सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. जिल्ह्याच्या ठिकाणी मेल रोजच्या कामात यायला आणखी काही वर्षे गेली. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तो नेमका याच बदलाच्या काळात. त्या दिवसाच्या आधीच्या पत्रात ‘परभणी जिल्हा’ म्हणजे आजच्यापेक्षा मोठा प्रदेश. पत्राची तारीख एका दिवसाने चुकली तरी मजकुराचा अर्थ बदलू शकतो, याचे हे आपल्या घरचे उदाहरण.

मजकुरातली ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली तर काय करायचे, या एका प्रश्नावरून एमबॉक्सची चार घराणी झाली. सर्वांत जुन्या घराण्याने त्या ओळीच्या आधी > हे चिन्ह घालायचे ठरवले. हद्द वाचली, पण वाचताना ते चिन्ह मूळ लेखकाचे की प्रोग्रॅमने घातलेले, हे सांगता येईना. राहुल धेसी यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या घराण्याने १९९५च्या सुमारास त्यावर नेमका तोडगा दिला : ओळीत आधीच अशी चिन्हे असतील तरी आणखी एक घालायचे आणि वाचताना बरोबर एकच काढायचे. त्यामुळे मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. तिसऱ्या आणि चौथ्या घराण्याने मजकुराची लांबी बाइटमध्ये मोजून हेडरमध्येच लिहिली. तिसऱ्याने जोडीला > ठेवले, चौथ्याने तेही सोडले. ही पद्धत नीटस वाटते. पण मधल्या एखाद्या प्रोग्रॅमने ओळींची शेवटखूण बदलली किंवा एखादे अक्षर वाढवले की आकडा खोटा ठरतो, आणि आकड्यावर विसंबणारा पुढच्या पत्राच्या मध्येच जाऊन पडतो. अडचण अशी की फाइल स्वतःचे घराणे सांगत नाही. ते तिच्या लकबींवरून ओळखावे लागते.

या भाऊबंदकीपासून दूर राहणारे प्रवाहही आहेत. रँड कॉर्पोरेशनमध्ये १९७९च्या सुमारास घडलेल्या एमएच पद्धतीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. डॅन बर्नस्टाइन यांची मेलडिर पद्धतही त्याच वाटेने जाते. तिथे हद्दीचा प्रश्न फाइल सिस्टीमवरच सोपवलेला असतो. एमएमडीएफ पद्धतीत पत्राच्या दोन्ही बाजूंना चार नियंत्रण-अक्षरांची ओळ असते. ती माणसाच्या लिखाणात सहसा येत नाही, म्हणून खूण पक्की. आउटलुकची पीएसटी फाइल हा तर एका प्रकारचा डेटाबेसच, साध्या डोळ्यांनी न वाचता येणारा. या सगळ्यांत एमबॉक्स सर्वांत ढिसाळ. तरीही टिकला तोच, कारण तो साधा मजकूर आहे आणि कुठल्याही यंत्रावर उघडतो. थंडरबर्डमध्ये मेल उतरवून घेणाऱ्याला आणि गुगलच्या टेकआउटमधून स्वतःचा पत्रव्यवहार मागवणाऱ्याला आजही एमबॉक्सच मिळतो. सप्टेंबर २००५ मध्ये आरएफसी ४१५५ या टिपणाने त्याची एक नेमस्त व्याख्या केली. तोवर तीस वर्षांची बेशिस्त जगभरच्या फाइलींत जमा झालेली होती.

वाचणाऱ्यांमध्येही दोन पंथ आहेत. एक सैल : कोरी ओळ आणि ‘फ्रॉम’ दिसले की पत्र तोडा. दुसरा कडक : त्या ओळीत वार, महिना, दिवस, वेळ आणि वर्ष ठरलेल्या क्रमाने असतील तरच तोडा. सैल पंथ मजकुराला पत्र समजतो, तर कडक पंथ खऱ्या पत्राला मजकूर समजून आधीच्या पत्रात गिळतो. कारण ती ओळ सगळे सारखी लिहीत नाहीत. थंडरबर्ड पत्त्याच्या जागी नुसती आडवी रेघ घालतो. टेकआउटच्या फाइलीत वर्षाच्या आधी कालविभागाचा आकडा येतो. जुन्या प्रोग्रॅमात सेकंद नसतात. या पुस्तकाची भूमिका मधली आहे. ‘फ्रॉम’ची ओळ दिसल्यावर लगेच निकाल द्यायचा नाही, तिच्या खालच्या चार-पाच ओळी पाहायच्या. तिथे नाव, अपूर्णविराम आणि मूल्य अशी हेडरची रचना दिसली तर हद्द मानायची. सोयाबीनचा सल्ला या कसोटीवर आपोआप एकसंध राहतो.

तारखेचा प्रश्न हद्दीपेक्षा खोल आहे, कारण एका पत्राला एकच तारीख नसते. पाकिटावरच्या ओळीत एक, ‘डेट’ हेडरमध्ये दुसरी, आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्राने लावलेल्या ‘रिसीव्हड’ शिक्क्यांत आणखी काही. ‘डेट’ लिहिणाऱ्याच्या यंत्राचे घड्याळ सांगते. घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर तारीखही चुकीची. ‘रिसीव्हड’चे शिक्के एकावर एक चढत जातात, म्हणून सर्वांत वरचा शिक्का सर्वांत शेवटचा. ते खालून वर वाचायचे असतात. पाकिटावरची तारीख पत्र पोचल्याची असू शकते किंवा नुसते फाइलीत उतरवल्याचीही.

समजा, पीकविम्याचा एक अर्ज परभणीहून १ ऑगस्ट २०२० रोजी, शनिवारी, रात्री १२ वाजून २० मिनिटांनी मेलने निघाला. ‘डेट’ हेडर शनिवार, १ ऑगस्ट, ००:२०, +०५३० असे सांगेल. पाकिटावरची ओळ जागतिक वेळेत लिहिलेली असेल, तर तिथे शुक्रवार, ३१ जुलै, १८:५० दिसेल. मुदत ३१ जुलैची असेल तर ही दोन उत्तरे माणसाला दोन वेगळ्या दारांत उभे करतात. क्षण एकच आहे, पण दिवस दोन आहेत. कालविभाग न पाहता नुसती तारीख उचलणारा प्रोग्रॅम उशिरा निघालेल्या अर्जाला वेळेत बसवील. दुसऱ्या एखाद्या फाइलीत वेळेत निघालेल्या अर्जाला उशिराचा ठरवील. तेव्हाच्या पीकविम्यात स्थानिक आपत्तीतल्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे, हे परभणीच्या शेतकऱ्याला पाठ होते. त्या ७२ तासांत साडेपाच तासांचा घोळ परवडत नसे.

तारीख लिहिण्याचे नियम हळूहळू घट्ट होत गेले. १९७३चे आरएफसी ५६१, १९७७चे ७३३, मग १९८२मध्ये डेव्हिड क्रॉकर यांचे ८२२. त्या ८२२मध्ये वर्ष दोन आकडी होते आणि कालविभागांची नावे, जागतिक वेळ सोडली तर, अमेरिकेतली. भारतीय प्रमाणवेळेला त्यात नाव नव्हते. ‘आयएसटी’ ही तीन अक्षरे लिहिणारे प्रोग्रॅम पुढे आले, पण तीच अक्षरे इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. १९८९च्या ११२३ने चार आकडी वर्ष आणि आकड्यातला कालविभाग यांची शिफारस केली. २००१चे २८२२ आणि २००८चे ५३२२ यांनी जुन्या तारखा कशा वाचायच्या तेही सांगितले : दोन आकडी वर्ष ०० ते ४९ असेल तर २००० मिळवा, ५० ते ९९ असेल तर १९०० मिळवा. तीन आकडी वर्ष दिसले तरीही १९००च मिळवा, कारण २००० साल उजाडल्यावर काही प्रोग्रॅम ‘१००’ लिहू लागले होते. कालविभागाच्या जागी उणे चिन्हासह चार शून्ये असतील तर वेळ जागतिक आहे, पण पाठवणाऱ्याचा स्थानिक विभाग माहीत नाही, असा अर्थ. अधिक चिन्हासह चार शून्ये असतील तर तो विभाग जागतिक वेळेचाच. एका चिन्हात एवढा फरक आहे.

मराठी अभ्यासकाला हा सगळा खटाटोप परका वाटू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून मोडी पत्रांची हद्द आणि तारीख ठरवण्याची आपली स्वतःची शिस्त घडत आली आहे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि त्या शिस्तीला घर मिळाले. रुमालात बांधलेल्या कागदांत पत्र कुठून सुरू होते हे मायन्यावरून आणि शेवटच्या मोर्तबावरून ओळखायचे. ‘छ’ या खुणेपुढे हिजरी महिन्याची तिथी, जोडीला अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन. तो ११५९ असेल तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून १७५८-५९ हे वर्ष काढायचे. शिवाय पत्र पोचल्यावर त्यावर पैवस्तीची वेगळी तारीख चढायची. लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पेशवाईतल्या कारकुनाला पक्के ठाऊक होते.

परभणीपुरते बोलायचे तर ही शिस्त आपल्या सातबाऱ्याच्या मागेच उभी आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि त्या काळच्या कागदांवर फसली सन आणि आजूर, दै, बहमन असे इराणी महिने असतात. हे वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यापासून सुरू होई. म्हणून इसवी सन काढताना महिना पाहूनच ५९० किंवा ५९१ मिळवायचे. फसली १३५७चे पहिले महिने १९४७ मध्ये पडतात आणि सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाईही फसली १३५७मध्येच पडते. जमिनीच्या वादात जुने कागद काढणाऱ्या वकिलाला हा हिशेब करावाच लागतो. मेलच्या तारखेतला +०५३० हा त्याच कुळातला हिशेब आहे. एक दिलासा असा, की मेल अस्तित्वात आल्यापासून भारताची प्रमाणवेळ एकदाही बदललेली नाही आणि उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करण्याची पद्धतही आपल्याकडे नाही.

मराठी पत्रांचे काही प्रश्न खास आपले आहेत आणि त्यांना या पुस्तकात मोठी जागा आहे. हेडर मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेली. त्यामुळे मराठी विषय त्यात सांकेतिक रूपाने जातो. ‘परभणी’ हा शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात १५ बाइटचा होतो आणि बेस-६४ मध्ये २० रोमन अक्षरांचा. लांब विषय अनेक तुकड्यांत विभागला जातो आणि पुढच्या ओळीवर मोकळ्या जागेने सुरू होतो. ती ओळ आधीच्या हेडरचाच भाग आहे हे न ओळखणाऱ्याला विषयाची पहिली काही अक्षरेच मिळतात. बेस-६४ मध्ये शब्दांमधली मोकळी जागा नसते, म्हणून अशा मजकुरात ‘फ्रॉम’ची खोटी हद्द उद्भवत नाही, हा एक फायदा. पण युनिकोड रुळण्याआधीची पत्रे श्रीलिपीसारख्या फॉन्टांच्या स्वतःच्या सांकेतिक जागांवर लिहिलेली आहेत. हेडर त्यांना साधा रोमन मजकूर म्हणते, आणि फॉन्टचा नकाशा हाताशी नसेल तर ती वाचता येत नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट : विषय आणि मजकूर मराठीत असला तरी ‘डेट’मधला महिना नियमाने इंग्रजी तीन अक्षरांतच असतो. यंत्राची भाषा मराठी ठेवून तारखा वाचायला लावल्या की काही प्रोग्रॅम मराठी महिन्यांची वाट पाहतात आणि प्रत्येक तारीख नापास करतात.

आज हे शिकण्याची गरज का, याला तीन कारणे आहेत. पहिले, मेल आता दप्तर आहे. १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकावर तयार झालेल्या साहित्यालाही अभिलेखांत धरले आहे. परभणीतले कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. तिथून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. असे सल्ले ज्या कुणाच्या मेलपेटीत साचले असतील, त्याच्याकडे मराठवाड्याच्या पावसाळ्यांची एक सलग नोंद आहे. अट एवढीच, की ती पत्र-पत्र वेगळी आणि दिनांकवार लावता आली पाहिजे. दुसरे, मेल आता पुरावा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले तेरावे कलम इलेक्ट्रॉनिक संदेश निघाल्याची आणि पोचल्याची वेळ कशी धरायची ते सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार अशा पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेली ओळखखूण, द्यावा लागतो. फाइलीतले एक अक्षर बदलले तरी हॅश बदलतो. म्हणून मूळ फाइलीला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करणे, ही या विषयातली पहिली शिस्त. तिसरे कारण घरगुती आहे. पुण्यात, मुंबईत, परदेशात गेलेल्या मुलांची आणि इथे राहिलेल्या आईवडिलांची वीस वर्षांची पत्रे आता कागदावर नाहीत. ती अशाच फाइलींत आहेत आणि खाते बंद पडले की जातात.

या पुस्तकाचा प्रयत्न काय आहे आणि काय नाही, तेही सांगून टाकतो. हे पायथनचे पाठ्यपुस्तक नाही, जरी उदाहरणे पायथनमध्ये आहेत. तयार प्रोग्रॅम हाती देऊन मोकळे व्हावे असाही हेतू नाही. तयार प्रोग्रॅम आधीच पुष्कळ आहेत आणि प्रत्येक जण आपले घराणे गृहीत धरून चालतो. संशयास्पद ओळीपाशी थांबून तिचा निवाडा करण्याची सवय वाचकाला लागावी, हा हेतू आहे. म्हणून प्रत्येक पत्रासाठी एक छोटी नोंद ठेवण्याची पद्धत इथे सुचवली आहे : हद्द कोणत्या खुणेवरून मानली, तारीख कुठल्या ओळीतून घेतली, कालविभाग लिहिलेला होता की अनुमानाने धरला, आणि मूळ ओळ जशीच्या तशी. मूळ ओळ कधीच टाकून द्यायची नाही. दुरुस्त केलेली तारीख तिच्या शेजारी लिहायची, तिच्या जागी नाही. ज्या पत्राची तारीख ठरत नाही, त्याला ‘अनिश्चित’ म्हणायचे आणि शक्य असेल तर वरखालच्या ‘रिसीव्हड’ शिक्क्यांवरून निदान कमाल आणि किमान मर्यादा द्यायची. सुबक दिसावे म्हणून घातलेली खोटी तारीख रिकाम्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करते, कारण रिकामा रकाना पुढच्या माणसाला शोध घ्यायला लावतो आणि खोटी तारीख त्याला थांबवते.

वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे, पण तो एकटा नाही. ग्रंथपाल, वकील, पत्रकार, संस्थांचे जुने कार्यवाह आणि घरची पत्रे जपू पाहणारे कुणीही यांनी हे पुस्तक हाती घ्यावे. ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यांनी उदाहरणांतल्या आज्ञा सोडून दिल्या तरी चालेल, पण एक फाइल प्रत्यक्ष उघडून, वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून वाचावी. राजवाडे मोडी कागद जमवत महाराष्ट्रभर हिंडले आणि त्यांच्या पिढीने एकेका पत्राचा सन पडताळून तो पुढच्यांच्या हाती दिला, म्हणून आपल्याला अठरावे शतक तारीखवार माहीत आहे. एकविसाव्या शतकाचा मराठी पत्रव्यवहार आपल्या ताब्यात आहे, तो अजून वाचता येतो आणि तो लिहिणारी माणसे अजून हयात आहेत. शंका आली तर त्यांना विचारता येते. ही सोय राजवाड्यांना नव्हती. ती आहे तोवर हे काम हाती घ्यावे, एवढ्यासाठी हे पुस्तक.

– लेखक, परभणी